ब्रह्मदेशचं लेकरू

उकंडरावांची मोटार नांदुऱ्याच्या स्टेशनामागच्या गल्लीत शिरली, तेव्हा विमलबाईच्या घरासमोर बाया जमल्या होत्या. सुपात नवं लेकरू होतं आणि सूप चक्क उकिरड्यावर.

"हे काय चालू हाय व मावशी?" समोर आपल्या दारात उभ्या असलेल्या कौशल्याबाईंना त्यांनी विचारलं.

"विमलचा नातू. सुनेची आधीची दोन गेली ना रे. मंग हे टाकून देल्लं. मरनाले वाटलं पाह्यजे, हे याइचं लेकरूच नाई म्हनून."

शेजारणीने सूप उचललं आणि मोठ्यानं ओरडली, "कोनाचं व लेकरू हे?"

"आमाले नाई माईत, बाप्पा!" बाया एका सुरात म्हणाल्या. खुद्द विमलबाईसुद्धा. लेकराची आई तर भिंतीकडं तोंड करून उभी होती.

उकंडरावांना हसू आलं. इंजिनिअर माणूस, पुण्यात पाण्याच्या पंपांचा मोठा कारखाना. "मरन एवढं येडं असते का व?"

"असते येडं," कौशल्याबाई म्हणाल्या. "चाल घरात, ऊन लागंल."

घरात वाळ्याचा वास होता. माठातलं पाणी पिऊन उकंडराव बाजेवर आडवे झाले. या बाजेवर पडलं की त्यांचे डोळे आपोआप मिटायचे आणि ती नदी दिसायला लागायची. पांढरी, रुंद, काठ नसलेली. पलीकडे धुक्यात एक सोनेरी कळस. रात्री झोपवताना मावशी हेच सांगायची, त्यामुळे आपण यातलं पाहिलं किती आणि ऐकलं किती, हे त्यांना आता सांगता येत नसे.

ही गोष्ट सगळ्या नांदुऱ्याला पाठ होती. बेचाळीस साली रंगूनवर बॉम्ब पडले, आणि तिकडची हिंदी माणसं डोंगर तुडवत देशात पळून आली. त्यांची एक गाडी नांदुऱ्याला पाण्यासाठी थांबली. ती गेल्यावर फलाटावर एक पोर उरलं. तीनेक वर्षांचं, अंगात ताप. स्टेशनवर इंजिनात पाणी भरणारे खलाशी जानराव त्याला घरी घेऊन आले. जानराव-कौशल्याबाईंची स्वतःची लेकरं तिसरं वर्ष काही ओलांडत नव्हती. हे परक्याचं मात्र तगलं. सापडलेल्या पोराला नाव तरी दुसरं काय ठेवणार? उकंडा, म्हणजे उकिरड्यावरचा.

उकंडा शिकला. नागपूरला जाऊन इंजिनिअर झाला, पुण्यात उसन्या जागेत पहिला पंप जुळवला. बहात्तरच्या दुष्काळात त्याच्या पंपांनी गावोगावच्या विहिरींचा तळ गाठला, तेव्हा उकंडाचा उकंडराव साहेब झाला. मग काय, कारखानदारांच्या संघाचं अध्यक्षपद, हार, शाली. प्रत्येक सत्कारात ब्रह्मदेशातून आलेल्या अनाथ बालकाची कहाणी व्हायचीच.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुठल्याच व्यासपीठावर सांगितली नव्हती. लहानपणी एकदा शाळेतून पळत येऊन ते कौशल्याबाईंना "माय" म्हणून बिलगले होते. तिनं फाडकन मुस्काटात मारली. "मावशी म्हन. मी नाई तुही माय." त्या दिवशी ती जेवली नाही, हे त्यांना आठवत होतं. पण मार जास्त आठवत होता. परक्याचं ते शेवटी परक्याचंच, असं त्यांनी तेव्हाच मनाशी धरलं, आणि ते आजही सलत होतं.

"मावशी, रंगूनले चाललो मी," ते उठून बसत म्हणाले. "पुढच्या हप्त्यात इमानाचं तिकीट हाय. मायले शोधतो."

कौशल्याबाईंच्या हातातला पंखा थांबला. "इतक्या वर्सांनी? कुठी सापडंल ते?"

"इथं तं सगळ्याइले इचारून थकलो. कोनी काईच सांगत नाई."

"काय कमी हाय रे तुले?"

"माय कमी हाय," उकंडराव म्हणाले.

बाहेरून मालगाडी गेली. पत्रे वाजले, मांडणीवरची भांडी वाजली.

"मी सांगतलेलं सारं सोडून दे," कौशल्याबाई म्हणाल्या. "नदी सोड, कळस सोड. तुहं तुले काय आठवते?"

उकंडरावांनी डोळे मिटले.

"फलाट. लय पाय. एका बाईनं मले कडेवरून खाली ठेवलं. हिरव्या बांगड्या होत्या तिच्या हातात. मी रडून राह्यलो होतो, अन् ते चालली गेली. एकदा बी वळून पाह्यलं नाई तिनं. दुसरं काई नको मले, मावशी. एवढंच इचारायचं हाय. काऊन नाई पाह्यलं?"

विमलबाईच्या घरातून सुपातलं लेकरू रडायला लागलं. कौशल्याबाई भिंतीला धरून उठल्या. भरदुपारी त्यांच्या घराचं दार कधी लागत नसे, पण त्यांनी ते लोटून कडी घातली. खिडकी ओढली. मग बाजेवर उकंडरावांच्या अगदी जवळ येऊन बसल्या.

"रंगूनले नको जाऊ," त्या कानाशी कुजबुजल्या. "सांगतो, पन हळूच आइक. त्या मेल्या मरनाले आइकू जाईन."

"काय झालं व?"

"वळून पाह्यलं असतं, तं उचललंच असतं रे तुले. तोंडात पदर कोंबून पान्याच्या टाकीपावतर गेली मी. गाडी हालली, तवा तुह्या बापाले म्हनलं, जा, फलाटावर कोनाचं तरी लेकरू पडलं हाय, घेऊन या."