ओरखडा पडू नये म्हणून

ड्राइव्ह घरघरला, दोनदा टकटकला आणि त्याने ट्रे बाहेर ढकलला. पडद्यावर पुन्हा तेच: डिस्क वाचता येत नाही.

सुनेने कपाळावर हात मारला. बंद पडलेल्या या काँप्युटरमध्ये सिस्टिम नव्याने टाकायची होती. उद्या सकाळी इमारतीचा नकाशा गेला नाही, तर लग्नानंतर मिळालेलं पहिलं काम हातचं जाणार होतं. केबल बदलून झाली, सेटिंगही तपासून झालं.

"तरी सांगत होतो," सासरे सोफ्यावरून म्हणाले, "वापरली की वस्तू खराब होते."

त्यांच्या घरात रिमोट पिशवीत राहायचा आणि सोफ्याच्या अंगावर अजून दुकानातलंच प्लास्टिक होतं. ते पिवळं पडलं होतं आणि बसलं की चरचरायचं. सासूबाई त्यावर अंग चोरून बसल्या होत्या.

सुनेने काँप्युटर तपासायची दुसरी डिस्क घातली. ती लगेच चालली. म्हणजे ड्राइव्ह धडधाकट होता. पण सिस्टिमची डिस्क तर कोरी करकरीत! सुनेच्या माहेरून आल्यापासून ती सासऱ्यांनी कपाटात कुलपात जपली होती. सुनेने ती खिडकीपाशी तिरपी धरली, कडेवरून बोट फिरवलं आणि नख कशात तरी अडकलं.

"बाबा, हे काय चिकटवलंय?"

"पुस्तकांना घालतात ते पारदर्शक चिकट कव्हर. बरोब्बर गोल कापलंय. ओरखडा पडू नये म्हणून." तिचं नख आत शिरलेलं पाहून ते ओरडले, "अगं, काढू नकोस! खराब होईल!"

"व्हायचीच असेल तर वापरून होऊ दे खराब!"

एवढ्या मोठ्याने ती या घरात पहिल्यांदाच बोलली, आणि तिला फार बरं वाटलं. तिने कव्हर सोलून काढलं, चिकटा पुसला, डिस्क आत सरकवली. ड्राइव्ह एकसुरात फिरू लागला. पडद्यावरची रेघ पुढे सरकली.

सासरे बायकोकडे वळले. "अगं, तू तरी सांग हिला काहीतरी!"

सासूबाई उठल्या. त्यांनी आपल्या बाजूच्या प्लास्टिकमध्ये बोटं खुपसली आणि ते टराटरा फाडलं. मग उघड्या कापडावर ऐसपैस बसून त्यांनी त्यावरून हात फिरवला.

"अगंबाई, निळा आहे होय हा! मी आपली आजवर हिरवाच समजत होते."