मिस्त्रींच्या अंगठ्याची जखम

मुलगी आज लवकर आली आणि थेट स्वयंपाकघरात शिरली. तिथे तिचे बाबा साखर खाताना सापडले. डबा ओट्यावर, चमचा तोंडात, डोळे घट्ट मिटलेले. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून बगळ्यासारखे एका पायावर उभे.

ती नर्स होती. पथ्य मोडणारे पेशंट तिने ढिगाने पाहिले होते. उशीखाली बिस्किटं लपवणारे, शेजारच्या खाटेवरचा केक पळवणारे. पण त्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुख असायचं. हे गृहस्थ एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून गिळत होते. वर पाणी प्यायले, शहारले आणि दुसरा चमचा भरू लागले.

‘आई!’ तिने हाक मारली.

आई आली आणि तिने कपाळाला हात लावला. ‘अगंबाई! चोर घरातच निघाला! आणि मी मेली मुंग्यांवर आळ घेत होते. जन्मभर बिनसाखरेचा चहा पिणारा माणूस हा. वाढदिवसाचा केकसुद्धा गोळीसारखा पाण्याबरोबर घ्यायचा. आता म्हातारपणी कसले हे डोहाळे?’

बाबा लिफ्टमिस्त्री होते. अडकलेल्या माणसांना बाहेर कसं काढायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्वतः अडकले की मात्र तोंडातून शब्द फुटत नसे.

पायाच्या अंगठ्याला जखम झाली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना सगळं नीट समजावलं होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे राखणदार. जखमेत जंतू शिरले की धावत जायचं आणि त्यांना गिळून टाकायचं, हे त्यांचं काम. पण मधुमेहात साखर फार वाढली की हे राखणदार सुस्तावतात, दुपारी जेवून आलेल्या कारकुनासारखे. उशिरा पोचतात, आणि पोचले तरी जंतूंकडे नुसते बघत बसतात.

‘म्हणजे गोड खात राहिलं की जखम लवकर भरत नाही, असंच ना?’ बाबांनी पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली होती. इतका समजूतदार पेशंट मिळाला म्हणून डॉक्टर खूश झाले होते. आता तेच डॉक्टर अंगठा कापायची भाषा करत होते.

‘अंगठा जाईल, बाबा,’ मुलगी म्हणाली. ‘मग पाय जाईल. कळतंय का?’

‘कळतंय.’

‘मग आवडत नसताना खाताय कशाला?’

बाबांनी डब्याचं झाकण लावायचा प्रयत्न केला. ते काही बसेना.

‘भरत आली होती,’ शेवटी ते म्हणाले. ‘मागे तूच म्हणालीस ना, आता चार-आठ दिवसांत मी सुटले म्हणून.’

आईने डबा त्यांच्या हातून घेतला आणि झाकण बसवलं.

नवऱ्याचं घर सोडून ती आली होती, तेव्हा याच बाबांनी तिला ‘जुळवून घे’ म्हणत दारातून परत पाठवलं होतं. ती नवऱ्याकडे गेली नाही आणि इथेही पुन्हा फिरकली नाही. हॉस्पिटलजवळ खोली घेऊन एकटी राहिली. कित्येक वर्षं. मग ही जखम झाली आणि पट्टी करायला म्हणून ती रोज येऊ लागली. पट्टी होईपर्यंत समोर बसायची. ‘चुकलो’ म्हणणं बाबांना अजून जमलेलं नव्हतं. त्याला थोडा वेळ लागणार होता, आणि जखम तर भराभर भरत चालली होती.

मुलीने त्यांच्या हातातून चमचा काढून घेतला. त्यांना धरून खुर्चीत बसवलं. स्वतः जमिनीवर बसली, पाय मांडीवर घेतला आणि पट्टी सोडू लागली. मान वर न करता म्हणाली,

‘ही पट्टी रोज बदलावी लागत नाही, बाबा. आठवड्यातून दोनदा पुरते.’