नवरदेवाचा रुसवा

पाऊस जरा उघडला म्हणून लग्नानंतरचे फोटो काढायला चौघंच समुद्रावरच्या कड्यावर गेली. त्याच आठवड्यात पलीकडच्या डोंगराची दरड कोसळून माणसं गेली होती, पण समोरचा देखावा बघून कुणालाच त्याची आठवण राहिली नाही.

"नवरदेव, श्वास आत घ्या, पोट दिसतंय," फोटोग्राफर म्हणाला.

"आतच घेतलाय," नवरदेव म्हणाला.

नवरी खो खो हसत सुटली. नवरदेव असा फुरंगटला, की तडक खाली वळणावर उभ्या केलेल्या गाडीकडे निघाला. "अहो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं!" म्हणत नवरी पदर सावरत त्याच्यामागे. समेट घडवायला नवरदेवाची आत्या तिच्यामागे, आणि गिऱ्हाईक चाललं म्हणून फोटोग्राफर सगळ्यांच्या मागे.

गाडीपाशी आत्या दोघांची समजूत घालत होती, एवढ्यात वर गडगडाट झाला. वळून पाहतात तर कठडा, बाकडं, फोटोग्राफरचा स्टँड आणि मघाशी सगळे उभे होते ती जागासुद्धा चिखलाच्या लोंढ्याबरोबर समुद्रात गेलेली!

नवरीनं नवरदेवाचा हात धरला. "चुकलं हो माझं," ती म्हणाली. त्याचेही डोळे भरून आले.

आत्या एकदम मध्ये पडली आणि तिनं दोघांचे हात झटक्यात सोडवले.



"खबरदार समेट केलात तर! अजून अर्धा डोंगर उतरायचाय."