मागे राहणारा हात

"एक, दोन, तीन, चार!" सातही विद्यार्थ्यांच्या काठ्या रबरी पॅडवर पडल्या, सातही डाव्या हातांचा ठोका किंचित मागे.

चाळीस वर्षं जॅझचे ड्रम वाजवणाऱ्या डिमेलो सरांनी हा उशीर कुणाला शिकवला नव्हता.

"हे कुठून उचललंत?"

"तुमच्याकडूनच की!" मृदुला म्हणाली. "जानेवारीपासून असंच वाजवताय. घोटून घोटून आमची मनगटं गेली."

सरांनी डावा हात खिशात घातला. तिथेही तो थरथरत होता. सांगितलं तर वर्ग बंद पडेल. नाही सांगितलं तर हाच ठोका पुढे जाईल.

त्यांनी हात बाहेर काढला.

"हे जॅझ नव्हे, बाळांनो. आजार आहे माझा. डोळे मिटा, माझा हात बघू नका, नुसतं मोजणं ऐकून वाजवा. एक, दोन, तीन, चार."

सहा हात वेळेवर पडले. मृदुलाचा मात्र मागेच, मुद्दाम, सरांच्या हातासारखा.

"मृदुला!" सर ओरडले, पण मोजणं थांबवलं नाही.