एकोणिसावा खेकडा

साहेबांनी दोन्ही बरण्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि मावशींना बसायला सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच. कुठेतरी पाणी मुरतंय हे मावशींनी तिथेच ओळखलं.

"बसा हो मावशी," साहेब पुन्हा म्हणाले. वयाने ते मावशींहून चार वर्षांनी मोठे. पण संग्रहालयात सगळेच त्यांना मावशी म्हणत, तेव्हा साहेबांनीच काय घोडं मारलं होतं!

मावशी बसल्या नाहीत. बरण्यांमधलं स्पिरिट पुरेसं आहे ना, ते त्यांनी आधी पाहिलं. तेच त्यांचं काम. आफ्रिकेतल्या नद्यांमधले खेकडे, सहा कपाटं, दोन हजारांवर बरण्या. उडून गेलेलं स्पिरिट भरायचं, झाकणं घट्ट करायची. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. आणि डाव्या बरणीतल्या खेकड्याला त्यांचं नाव होतं.

खरंखुरं, शास्त्रीय, शेवटी लॅटिन शेपूट जोडलेलं. त्याचं छापील पान मावशींच्या घरी दर्शनी भिंतीवर काचेत लावलेलं होतं. "नाव द्यायला एखादं फूल नाही का मिळालं त्यांना?" असं जाऊबाई म्हणाल्या होत्या, पण त्या जळून म्हणाल्या होत्या हे सगळ्या घराला माहीत होतं. जावई तर आल्या पाहुण्याला आधी त्या भिंतीपुढे उभा करायचा आणि मग पाणी विचारायचा.

"झालं असं," साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "या प्रजातीची मी नव्याने वर्गवारी करतोय. हिच्यात एकोणीस जाती आहेत. म्हणजे... होत्या."

मावशींनी डाव्या बरणीचं झाकण घट्ट आहे ना, ते चाचपून पाहिलं.

"तुमचा खेकडा वेगळा कशामुळे, तर त्याच्या पाठीच्या कवचाची कड गुळगुळीत. बाकीच्यांच्या कडेला बारीक दात असतात. तेवढ्यावर मी त्याची नवी जात केली. आता त्याच नदीतले आणखी साठ-सत्तर आलेत. लहानांना दात आहेत. मोठ्यांचे अर्धे झिजलेत. आणि अगदी थोराड झालेल्यांचे..." साहेब थांबले. "डीएनएही तपासला. दोन्ही बरण्यांत एकच जात आहे, मावशी. उजवीकडच्याचं नाव शंभर वर्षांपूर्वीचं. जुनं नाव टिकतं, नवं रद्द होतं. नियमच आहे तसा."

"म्हणजे माझं गेलं."

"गेलं."

खोटं कशाला सांगा, मावशींना फार वाईट वाटलं. आणि या वयात एका खेकड्यापायी डोळ्यांत पाणी यावं याची लाजही वाटली.

"मी दोन महिने थांबतो ना," साहेब घाईघाईने म्हणाले. "तुमचा निरोप समारंभ होऊ दे, मग छापायला देतो. कोणाला पत्ताही लागणार नाही."

"आणि चुकीची चिठ्ठी असलेली बरणी माझ्या कपाटात ठेवून मी घरी जाऊ? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

साहेब ओशाळले. एवढा मोठा माणूस, पण तोंड शाळेत बोलणी खाल्लेल्या मुलासारखं झालं.

मावशींनी डावी बरणी उचलून खिडकीशी उजेडात धरली. आतला खेकडा काळपट, आडवातिडवा वाढलेला, एक नांगी अर्धी तुटलेली. "आठवतं का तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "मी स्पिरिट भरत होते. ह्याला बघितलं आणि तुमच्याकडे घेऊन आले."

"आठवतं तर! हा बाकीच्यांसारखा दिसत नाही, म्हणालात. म्हणून तर तुमचं नाव दिलं."

"ते अर्धंच. मी पुढेही बोलले होते. म्हटलं, म्हातारा झालाय बिचारा, जुन्या करवतीसारखे दात झिजलेत. पण तोवर तुम्ही भिंग आणायला पळाला होतात."

साहेब बरणीकडे बघतच राहिले. भिंग आणायला पळालेलं त्यांना आठवत होतं. मागून कोणीतरी काहीतरी बोलत होतं, हेही आता आठवलं.

"अहो, मग नंतर का नाही सांगितलंत? सव्वीस वर्षं!"

"नंतर माझं नाव आलं ना त्याच्यावर!" मावशींना एकदम हसू फुटलं. डोळे पुसत पुसतच त्या हसल्या. "मग कोण बोलतंय?"

साहेबही हसले. मग त्यांनी खणातून जाड कागदाची पट्टी काढली आणि पक्क्या शाईचं पेन घेतलं. जुनी चिठ्ठी बरणीतून कधी काढत नाहीत, चुकीची असली तरी. नवी तिच्याशेजारी सोडतात. पट्टीवर त्यांनी शंभर वर्षांपूर्वीचं नाव लिहिलं. त्याच्याखाली, प्रत्येक चिठ्ठीवर असतं तसं, 'ओळख पटवणारे' असं लिहिलं आणि पेन जरा थांबलं. त्या सहाही कपाटांत या जागी साहेबांचं नाव होतं. नाहीतर त्यांच्या आधीच्या साहेबांचं.

तिथे त्यांनी मावशींचं नाव लिहिलं. आडनावासकट.

मावशींनी उलट्या बाजूने वाचलं. तीस वर्षं चिठ्ठ्या वाचणाऱ्या बाईला कागद फिरवून द्यावा लागत नाही.

"हे काय? इथे तर तुमचं असतं."

"ज्याने ओळखलं त्याचं असतं," साहेब म्हणाले. "तारीख काय घालू?"

मावशींनी लांब चिमटा हातात घेतला आणि बरणीचं झाकण फिरवलं. खोलीत स्पिरिटचा वास पसरला.

"आजची नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही भिंग आणायला पळालात, त्या दिवसाची घाला."