दोनशे तेरावा फॉर्म

फॉर्मवर कुठेच नाव नव्हतं, तरी बोलावणं नेमकं काटेबाईंनाच आलं.

शिपायाने निरोप दिला तेव्हा त्या वीस किलोचं वजन नव्या काट्यावर ठेवत होत्या. त्यांनी वजन घाईने टेकवलं आणि काट्यावरचा आकडा नाचायला लागला. वजनकाट्यांच्या त्या कारखान्यात त्या तपासनीस होत्या. काटा जे दाखवेल ते लिहायचं, एवढंच काम. वीस दाखवले तर वीस. एकोणीस किलो नऊशे दाखवले तर एकोणीस किलो नऊशे, आणि काटा दुरुस्तीला परत. सुपरवायझर वैतागून म्हणायचा, बाई, शंभर ग्रॅमने काय आभाळ कोसळतंय? त्या ऐकायच्या नाहीत. म्हणून तर सगळ्यांनी त्यांचं नाव काटेबाई पाडलं होतं.

त्या जिना चढायला लागल्या. तात्पुरत्या नोकरीची सहा महिन्यांची मुदत आज संपत होती. आज कायम झाल्याचं पत्र मिळणार, नाहीतर उद्यापासून घरी. आधीच्या दोन नोकऱ्या त्यांच्या जिभेनेच खाल्ल्या होत्या. नवऱ्याचा हात लेथ मशीनमध्ये गेल्यापासून घरात कमावतं माणूस एकच उरलं होतं. या खेपेला तरी तोंडाला कुलूप लाव, असं त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यांनी ते पाळलंही होतं. पण फॉर्म बोलायचा नव्हता, लिहायचा होता.

तो आला मागच्या आठवड्यात. वर कंपनीचं ध्येय छापलेलं होतं: 'प्रत्येक घराला शांत झोप.' खाली प्रश्न होता. हे ध्येय मनात आणल्यावर तुम्हाला कामाचा किती हुरूप येतो? एक ते पाचमधला आकडा लिहा. सुपरवायझरने सगळ्यांना गोळा करून अर्थ फोडून सांगितला. काटा खरा तर व्यवहार खरा, व्यवहार खरा तर झोप शांत. लोकांनी माना डोलावल्या आणि पाच लिहून मोकळे झाले. काटेबाईंनी वाक्य तीनदा वाचलं. मनात काय उठतं ते पाहिलं आणि जे दिसलं ते लिहिलं. एक. त्याखाली विभाग, बाई की पुरुष आणि नोकरीचा काळ विचारला होता, तोही भरला. तपासणी विभागात बाई एकच होती, हे त्यांच्या डोक्यात आलं तेव्हा फॉर्म पेटीत पडला होता. त्या दिवसापासून त्यांची झोप मात्र साफ उडाली होती.

मॅनेजरसाहेबांनी त्यांना आत घेतलं आणि दार लावून घेतलं. एरवी ते दार उघडंच असायचं. साहेबांशेजारी सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेचा माणूस बसला होता. त्याला सगळे मोजणीवाला म्हणत. टेबलावर काटेबाईंचा फॉर्म होता. बाजूला त्यांच्या नावाचं टाइप केलेलं पत्र होतं, सहीची जागा रिकामी.

साहेबांनी विचारलं, हा एक चुकून पडला का? हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. हो म्हणायचंच, असं जिन्यात ठरवलंही होतं.

"चुकून नाही साहेब," त्या म्हणाल्या. आवाज आपलाच आहे का, अशी त्यांना शंका आली. "ते वाक्य वाचून मला काही वाटलंच नाही. आपल्या कामाशी त्याचा मेळच बसेना."

आता ओरडा बसणार म्हणून त्यांनी मान खाली घातली. कुणी ओरडलं नाही. मोजणीवाल्याने कपाळावरचा घाम पुसला. साहेबांच्या हातातलं पेन टेबलावर टकटक वाजत होतं. साहेब घाबरलेत, हे कळायला त्यांना जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांची उरलीसुरली हिंमतही गेली. ज्याला घाबरायचं तोच घाबरलेला असला, की माणसाने पाहायचं कुणाकडे?

मग मोजणीवाल्याने अडखळत सांगितलं. ते वाक्य या कंपनीचं नव्हतंच. ते एका गाद्यांच्या कारखान्याचं होतं. छापताना पानांची अदलाबदल झाली होती. दोनशे तेरा माणसांनी ते वाचलं आणि दोनशे बारा जणांनी पाच दिले. साहेबांनी तर पाच देऊन खाली पुस्तीही जोडली होती, की याच ध्येयामुळे मला पहाटे जाग येते.

काटेबाईंना हसू यायला हवं होतं. आलं नाही.

अहवाल चार वाजता मुख्य कार्यालयात जायचा होता. सगळ्यांचे आकडे सारखे असले, की वर नुसता आकडा जातो, फॉर्म कुणी मागत नाही. एक जरी वेगळा निघाला, तर तेवढा फॉर्म अहवालाला जोडावा लागतो. म्हणजे ते वाक्य वरचे लोक वाचणार. मोजणीवाल्याचं काम जाणार आणि साहेबांची खुर्चीही.

साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. पत्रही सरकवलं, पण त्यावरचा हात काढला नाही.

"एकाचे पाच करा, बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आणि खाडाखोड केलीत तिथे सही करा. नियम आहे तसा."

निनावी फॉर्मवर सही. घड्याळात पावणेचार झाले होते. काटेबाईंना नवऱ्याची रिकामी बाही दिसली. त्यांनी पेन उचललं, एकावर काट मारली, शेजारी पाच लिहिले आणि सही केली. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि पत्र न वाचताच त्यावर सही ठोकली.

जिन्याच्या वळणावर थांबून त्यांनी पत्र उघडलं. तारीख मागच्या आठवड्यातली होती, फॉर्म येण्याच्या आदल्या दिवसाची. खाली एकच ओळ होती: 'सहा महिन्यांत कुणाच्याही दबावाखाली एकही आकडा न बदलल्याबद्दल आपणांस सेवेत कायम करण्यात येत आहे.'