लायसन

सन एकोणीसशे तीसचा उन्हाळा होता. अकोल्याच्या स्टेशनावर पोलीस प्रत्येकाचं सामान उघडून पाहत होते. खुशालराव देशमुखांची ट्रंक उघडली, तर लुगड्यांच्या घडीखालून पिस्तूल निघालं. शिपायानं फौजदाराला हाक मारली.

खुशालरावांनी कोटाच्या खिशातून शांतपणे कागद काढला. फौजदारानं शिक्का पाहिला, सही पाहिली आणि टाचा जुळवून सलाम ठोकला.

"माफ करा, देशमुखसाहेब. लायसन हाये म्हटल्यावर तुमी तोफ न्या ना, आमी कोण अडवणार?"

खुशालरावांच्या सोबत निघालेल्या त्यांच्या बहीण पार्वताबाई बाजूलाच उभ्या होत्या. गेल्याच सोमवारी याच फौजदारानं त्यांच्या अंगणात शिरून चुलीवरची कढई लाथेनं उलटवली होती आणि त्यांच्या लेकाला, वसंताला, दोरखंडानं बांधून नेलं होतं.

"थांबा, अजून एक पाह्याचं रायलं," असं म्हणून त्यांनी ट्रंकेच्या तळातली पुडी काढली आणि त्याच्या हातावर सोडली. आत वसंतानं घरच्या खाऱ्या विहिरीचं पाणी आटवून केलेलं, त्याच कढईतून खरवडलेलं मूठभर बंदीचं मीठ होतं.

फौजदारानं घाईघाईनं मूठ मिटली. "बाई, झाका हे. मी काईच पाह्यलं नाही," तो कुजबुजला.

पार्वताबाईंनी दोन्ही हात पुढे केले आणि अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,



"पिस्तुलाचं लायसन पाह्यलं ना? मंग मिठाचं कावून नाही पाहत? नाही माह्यापाशी! घाला बेड्या!"